‘व्हाइट ख्रिसमस’ या गाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की मॉलमध्ये, केकच्या दुकानात, विमानतळावर अमेरिकन गायक बिंग क्रॉस्बीचा तो निवांत, खालच्या पट्टीतला आवाज कानावर पडतोच. त्याबरोबर या गाण्याविषयीचे ठरावीक प्रश्न आणि त्यांची अर्धीमुर्धी उत्तरंही फिरायला लागतात. ‘हे १९५४च्या सिनेमातलं गाणं’ हे त्यातलं सगळ्यात लोकप्रिय चुकीचं उत्तर. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे. गाण्याचे शब्द इथे मुद्दाम दिलेले नाहीत, ते अजून प्रताधिकारात आहेत. बहुतेकांना ते पाठ असतीलच.

हे गाणं नक्की कुणाचं?

अर्व्हिंग बर्लिनचं. शब्द त्याचे आणि चालही त्याचीच. क्रॉस्बी हा त्याचा पहिला आणि सगळ्यात गाजलेला गायक. आपल्याकडे गाणं गायकाच्या नावावर जमा होतं तसं याचंही झालं, पण बर्लिनच्या हयातीत त्याच्यासमोर कुणी याला ‘क्रॉस्बीचं गाणं’ म्हटलं असतं तर ते त्याला फारसं रुचलं नसतं. आपल्या गाण्यांचं प्रकाशनही तो स्वतःच्या कंपनीतून करायचा आणि हिशेब चोख ठेवायचा.

बर्लिन कोण होता?

१८८८ साली रशियन साम्राज्यात एका गरीब ज्यू घरात जन्मलेला मुलगा. जन्मनाव इस्राएल बेलिन. वयाच्या पाचव्या वर्षी, १८९३ मध्ये, कुटुंबाबरोबर बोटीने न्यूयॉर्कला आला. वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे होते. तो तेरा वर्षांचा असताना ते गेले. मग रस्त्यावर पेपर विकणं, दारूच्या गुत्त्यांत चार पैशांसाठी गाणं, पुढे एका खाणावळीत गाणारा वेटर, असं करत करत तो गाणी लिहायला लागला. १९११ साली ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ने त्याचं नाव झालं ते शेवटपर्यंत टिकलं. ‘गॉड ब्लेस अमेरिका’ त्याचंच. १९८९ साली गेला तेव्हा वय होतं १०१.

गंमत अशी की या माणसाला नोटेशन लिहिता-वाचता येत नव्हतं. पियानो तो जवळजवळ सगळा काळी तीन हा सूर ‘सा’ धरूनच वाजवायचा, कारण काळ्या पट्ट्यांवर बोटं सवयीने बसलेली. दुसरा ‘सा’ धरून ऐकायचं झालं तर त्याच्याकडे खास पियानो होता. खालची कळ सरकवली की बोटं तिथेच, सूर मात्र वर किंवा खाली. चाल कागदावर उतरवायला तो पगारी माणूस ठेवायचा.

ज्यू माणसाने नाताळचं गाणं कसं काय लिहिलं?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि त्यात थोडा संशयही असतो. गाणं एकदा नीट ऐका. त्यात येशू नाही, मरियम नाही, गोठा नाही, तारा नाही, चर्चही नाही. आहे काय, तर बर्फ, झाडांचे चमकणारे शेंडे, घसरगाडीच्या घुंगरांची वाट बघणारी मुलं आणि शुभेच्छापत्रं. देवळाच्या बाहेरचा, घराच्या खिडकीतला नाताळ. तो कुणालाही आठवू शकतो.

बर्लिनला तो लहानपणापासून माहीत होता. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या दाटीवाटीच्या वस्तीत समोरच एक आयरिश कॅथलिक कुटुंब राहायचं. त्यांच्याकडचं सजवलेलं झाड बघायला आपण पळत जायचो, असं त्यानेच सांगितलेलं आहे. पुढे त्याची बायको एलिन मॅके कॅथलिक. घरात मुलींसाठी झाडही उभं राहायचं.

याच घरातली दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. बर्लिन दांपत्याला १ डिसेंबर १९२८ला मुलगा झाला. जेमतेम साडेतीन आठवड्यांचा असताना, नाताळच्या दिवशी, तो गेला. त्यानंतर दरवर्षी आईवडील नाताळच्या सुमारास त्याच्या थडग्यावर जायचे. मुली मोठ्या झाल्यावर आईने एकीला सांगितलं की आम्हा दोघांना हा सण कधीच आवडला नाही, तुमच्यासाठी करत होतो. या गाण्यात आनंदाच्या सणाला जी एक खोल हुरहुर आहे, तिचा धागा इथे जोडावासा वाटतो. बर्लिनने स्वतः तसं म्हटल्याचं मात्र कुठे नाही.

आणि तो काही एकटा नव्हता. ‘लेट इट स्नो’ लिहिणारे सॅमी कान आणि ज्यूल स्टाइन, ‘द ख्रिसमस साँग’चे मेल टॉर्मे आणि रॉबर्ट वेल्स, लाल नाकाच्या रुडॉल्फ सांबराचं गाणं करणारे जॉनी मार्क्स, हे सगळे ज्यू. अमेरिकन नाताळचा जो आवाज आज जगभर वाजतो, त्यातला मोठा वाटा स्थलांतरितांच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीने तयार केला आहे.

गाणं कधी आणि कुठे लिहिलं गेलं?

कधी, याचा कागद आहे. ८ जानेवारी १९४०, सोमवार. त्या दिवशी बर्लिन सकाळीच आपल्या न्यूयॉर्कच्या ऑफिसात आला आणि त्याचा लेखनिक हेल्मी क्रेसा याला म्हणाला की शनिवार-रविवारात एक गाणं झालंय, उतरवून घे, आजवर मी केलेल्या गाण्यांतलं हे सगळ्यात चांगलं, किंबहुना कुणीही केलेल्या गाण्यांतलं. बढाई आहेच. पण हा माणूस तीस वर्षं गाणी विकत होता आणि कुठलं चालेल याचा त्याचा अंदाज धंदेवाईक होता.

कुठे, यावर भांडण आहे. अॅरिझोनातलं बिल्टमोर हॉटेल म्हणतं आमच्या पोहण्याच्या तलावाकाठी, कॅलिफोर्नियातलं ला क्विंता हॉटेल म्हणतं आमच्याकडे. दोन्ही ठिकाणं वाळवंटातली, लख्ख उन्हाची. चाल कागदावर आली न्यूयॉर्कच्या थंडीत, पण गाण्याची कल्पना उन्हातली होती हे गाणंच सांगतं. ते पुढच्या उत्तरात.

गाळलेलं कडवं म्हणतात ते काय आहे?

त्या काळच्या अमेरिकन गाण्यांना मुख्य गाण्याआधी एक प्रास्ताविक कडवं असायचं, कव्वालीआधी शेर म्हणतात तसं. मूळ ‘व्हाइट ख्रिसमस’लाही ते होतं. त्यात गाणारा माणूस लॉस एंजेलिसमधल्या बेव्हर्ली हिल्सला आहे, ऊन पडलंय, गवत हिरवंगार आहे, नारळ-संत्र्याच्या जातीची झाडं डुलताहेत, तारीख २४ डिसेंबर, आणि याला उत्तरेकडे आपल्या गावी जायचंय. मग सुरू होतो तो सगळ्यांना माहीत असलेला भाग.

हे कडवं डोक्यात ठेवलं की गाण्याचा रोखच बदलतो. तिथे मुळात एक थट्टा होती, हॉलिवूडमध्ये पैसे कमवायला गेलेल्या न्यूयॉर्ककरांची. तलावाकाठी बसून बर्फासाठी उसासे टाकणारी मंडळी. क्रॉस्बीने ध्वनिमुद्रणात ते कडवं घेतलंच नाही. लोकांनी गाणं कडव्याविना उचललं, थट्टा गेली आणि नुसती ओढ उरली. हे लक्षात आल्यावर १९४२च्या अखेरीस बर्लिनने छापील नोटेशनमधूनही ते काढून टाकायला लावलं. स्वतःच्या गाण्यातलं काय टाकून द्यायचं हे इतक्या पटकन ओळखणारे गीतकार थोडे.

कडवं ऐकायचं असेल तर १९६३ साली फिल स्पेक्टरने काढलेल्या नाताळ अल्बममधलं डार्लीन लव्हचं गाणं ऐका. तिथे ते बोलून दाखवलं आहे. बार्ब्रा स्ट्रायसँडने आणि कार्पेंटर्सनीही ते घेतलं आहे.

चालीत असं काय आहे?

पेटी काढा. पांढरी एक ‘सा’ धरा आणि वाजवा: ग, म, ग, कोमल ग, पुन्हा शुद्ध ग, म, तीव्र म, प. झाली पहिली ओळ. आठ अक्षरं, आठ सूर, आणि प्रत्येक सूर आधीच्यापासून अर्ध्या स्वराच्या अंतरावर. एकही उडी नाही. दोन्ही गंधार, दोन्ही मध्यम, आणि आवाका फक्त कोमल ग ते पंचम. नाताळची पारंपरिक गाणी बहुतेक ठणठणीत, सरळ सप्तकात चालणारी असतात. त्यांच्यापुढे ही ओळ चाचपडत जाते. कोमल गंधारावर क्षणभर उदास होते, तीव्र मध्यमावर जराशी उचलते आणि पंचमावर टेकते.

आपल्याकडच्या गायकांना हे गाताना पहिला अडथळा इथेच येतो. कोमल गंधारावर आंदोलन घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. क्रॉस्बी तिथून नुसता चालत पुढे जातो.

अख्खं गाणं एकदा म्हणायला इंग्रजीतले ५४ शब्द आणि ६७ सूर लागतात. बस्स. क्रॉस्बी ते दोनदा म्हणतो, दुसऱ्या वेळी अर्धं काम साथीच्या वृंदाकडे आणि शिट्टीकडे देतो.

पहिल्यांदा ते लोकांनी कधी ऐकलं?

२५ डिसेंबर १९४१. एनबीसी रेडिओवरच्या ‘क्राफ्ट म्युझिक हॉल’ या क्रॉस्बीच्या साप्ताहिक कार्यक्रमात. पर्ल हार्बर या अमेरिकन नौदल तळावर जपानचा हल्ला होऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्या प्रसारणाची एक प्रत क्रॉस्बीच्या वारसांकडे जपलेली आहे.

बर्लिनने पहिल्यांदा चाल ऐकवली तेव्हा क्रॉस्बी पाइप ओढत शांतपणे म्हणाला होता, ‘यात काही अडचण येईलसं वाटत नाही, अर्व्हिंग.’ त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

सिनेमा कोणता? ‘हॉलिडे इन’ की ‘व्हाइट ख्रिसमस’?

आधी ‘हॉलिडे इन’, ऑगस्ट १९४२चा, क्रॉस्बी आणि फ्रेड अस्टेअर यांचा. कथा अशा हॉटेलची की जे फक्त सणासुदीला उघडतं. प्रत्येक सणाला बर्लिनचं एक गाणं. पडद्यावर मार्जरी रेनॉल्ड्स क्रॉस्बीबरोबर गाताना दिसते, पण आवाज मार्था मेअर्सचा आहे. पार्श्वगायन हे फक्त आपल्याकडचं प्रकरण नाही.

गंमत म्हणजे या सिनेमातलं चालणारं गाणं म्हणून सगळ्यांचा डोळा होता तो व्हॅलेंटाइनच्या प्रसंगातल्या ‘बी केअरफुल, इट्स माय हार्ट’वर. ते चाललंही. उन्हाळाभर. मग पानगळ आली आणि सगळं चित्र पालटलं.

‘व्हाइट ख्रिसमस’ नावाचा रंगीत सिनेमा बारा वर्षांनी, १९५४ साली, गाण्याच्या कीर्तीवर स्वार होऊन आला. त्या वर्षीचा अमेरिकेतला सगळ्यात जास्त कमाई करणारा सिनेमा. त्याच्या अल्बमची एक तऱ्हा आहे. नायिका रोझमेरी क्लूनी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीशी करारबद्ध, अल्बम काढण्याचे हक्क डेक्काकडे. म्हणून पडद्यावर क्लूनी आणि तबकडीवर पेगी ली.

मूळ ध्वनिमुद्रण कधी झालं?

२९ मे १९४२, लॉस एंजेलिस, रेडिओ रेकॉर्डर्स स्टुडिओ, डेक्का कंपनीसाठी. वाद्यवृंद जॉन स्कॉट ट्रॉटरचा, कोरस केन डार्बी सिंगर्सचा. काम अठरा मिनिटांत आटोपलं असं सांगतात. बाहेर कॅलिफोर्नियाचा उन्हाळा तोंडावर आलेला. कुणाच्याही मनात इतिहास वगैरे घडवायचा नव्हता. सिनेमातली डझनभर गाणी होती, ती ओळीने उरकायची होती. जुलैअखेर सहा तबकड्यांचा संच बाजारात आला, त्यात हेही एक. सुटी तबकडी निघाली तिचा क्रमांक डेक्का १८४२९, मागच्या बाजूला नववर्षाचं गाणं.

क्रॉस्बीच्या गायकीबद्दल दोन शब्द इथेच. मायक्रोफोनसाठी गाणाऱ्या पहिल्या पिढीतला तो मोठा माणूस. आधीचे गायक थिएटरच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायचे. क्रॉस्बीला कळलं होतं की माइक म्हणजे समोरच्याचा कान. ‘व्हाइट ख्रिसमस’मध्ये तो कुठेच जोर लावत नाही. हेच गाणं कुणी छाती फुगवून म्हटलं की ते लगेच ढासळतं, ऑर्केस्ट्राच्या गायकांनी याची भरपूर उदाहरणं दिलेली आहेत.

ते एवढं गाजलं कसं?

तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या.

पहिली अर्थातच युद्ध. १९४२चा नाताळ हा लाखो अमेरिकन तरुणांचा घरापासून लांबचा पहिला नाताळ. कुणी उत्तर आफ्रिकेत, कुणी पॅसिफिकमधल्या दमट बेटांवर. बर्लिनच्या डोक्यात होता हॉलिवूडमधला सुखवस्तू न्यूयॉर्ककर, गाणं जाऊन लागलं घामाने भिजलेल्या शिपायाला. सैन्याच्या रेडिओवर फर्माइशींचा पाऊस पडला. गाण्यात युद्धाचा शब्दही नाही, आणि त्या वर्षी ढोल-ताशे बडवणारी जी देशभक्तीची गाणी निघाली ती सगळी मागे पडली. कवी कार्ल सँडबर्गने डिसेंबर १९४२च्या आपल्या वृत्तपत्रीय स्तंभात या गाण्यावर लिहिलं, तेही लढाईपेक्षा लोकांच्या मनातल्या शांततेच्या भुकेबद्दल. क्रॉस्बीला मात्र सैनिकांसमोर हे गायला जड जायचं. आपण त्यांचं मन रमवायला आलोय आणि हे ऐकून ते अधिकच खिन्न होतात, असं तो म्हणायचा. पण मागणी दर वेळी याचीच.

दुसरी गोष्ट संपाची. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने, जेम्स पेट्रिलोच्या नेतृत्वाखाली, ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. रेडिओमुळे आणि तबकड्यांमुळे आमचं प्रत्यक्ष वाजवण्याचं काम जातं, त्याची भरपाई द्या, ही मागणी. डेक्काने सप्टेंबर १९४३ मध्ये तडजोड केली, कोलंबिया आणि आरसीए व्हिक्टर नोव्हेंबर १९४४ पर्यंत अडून राहिल्या. म्हणजे गाणं डोक्यावर चढलं त्या ऑक्टोबरात दुसऱ्या कुणाला वाद्यवृंद घेऊन नवी तबकडी काढणं शक्यच नव्हतं. आधी करून ठेवलेल्या काही आवृत्त्या होत्या, पण मैदान बव्हंशी क्रॉस्बीचं. फ्रँक सिनात्राची कोलंबियासाठीची आवृत्ती पाहा, तारीख १४ नोव्हेंबर १९४४, संप मिटताक्षणी.

तिसरी म्हणजे गाणं संपत नाही. नाताळ गेला की हे कपाटात जातं आणि अकरा महिन्यांनी कोरं करकरीत होऊन बाहेर येतं. १९४२ साली ते ऑक्टोबरअखेर ‘बिलबोर्ड’ या संगीत साप्ताहिकाच्या यादीत पहिलं आलं आणि अकरा आठवडे तिथे राहिलं. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या वेगळ्या ‘हार्लेम हिट परेड’ यादीतही तीन आठवडे पहिलं होतं. १९४५ आणि १९४६च्या हंगामांत ते पुन्हा वर आलं. नाताळचं नवं गाणं हा दरवर्षी पिकणारा धंदा होऊ शकतो, हे संगीत कंपन्यांना इथे कळलं. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत जी रांग लागली ती अजून हललेली नाही.

या तबकड्यांचा भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. तेव्हाच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या प्लास्टिकच्या नव्हत्या. दगडाची भुकटी, काजळी असं काहीबाही एकत्र धरून ठेवायला लागायची लाख, आणि जगातली बहुतेक लाख जायची भारतातून. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसवतात, ते रस शोषून स्वतःभोवती राळेचं कवच करतात, ते खरवडून, धुऊन, वितळवून पातळ पत्रे काढायचे. छोटा नागपूरचा पट्टा यात सगळ्यात मोठा. आपल्या गोंदियाकडेही पळसावर लाख घेतात.

जपानने आग्नेय आशिया गिळल्यावर हिंदी महासागरातली जहाजं बेभरवशाची झाली आणि लाख दारूगोळ्याच्या कामालाही लागायची. म्हणून एप्रिल १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत ७० टक्के कपात केली. नवी तबकडी हवी तर जुनी आणून द्या, असा काळ. ‘व्हाइट ख्रिसमस’चं ध्वनिमुद्रण झालं ते या हुकुमानंतर महिन्या-दीड महिन्यात. असं असतानाही त्या तबकडीच्या लाखो प्रती निघाल्या, यावरून मागणीचा अंदाज यावा. बर्फाचं स्वप्न बघणारं ते गाणं अमेरिकेच्या दिवाणखान्यांत फिरत होतं ते पळस-कुसुमावरच्या किड्यांच्या लाखेवर.

आज आपण ऐकतो ते १९४२चंच ध्वनिमुद्रण ना?

नाही. बहुतेक वेळा नाही. ही या पानावरची सगळ्यात उपयोगी माहिती समजा.

तबकडी छापायची पद्धत अशी: मूळ मुद्रणावरून धातूचा साचा, त्यावरून दुसरा, त्यावरून प्रत्यक्ष छापायचे ठसे. ठसे झिजतात, नवे करावे लागतात, आणि दर वेळी मूळ साच्याला हात लावावा लागतो. १९४२ ते १९४६ या काळात डेक्काने इतक्या प्रती काढल्या की मूळ साचाच खराब झाला. मग मार्च १९४७ मध्ये क्रॉस्बी, ट्रॉटरचा वाद्यवृंद आणि डार्बी सिंगर्स यांना पुन्हा बोलावून गाणं पहिल्यासारखंच करून घेतलं. ‘पहिल्यासारखंच’ हा हुकूम होता आणि तो मंडळींनी जवळजवळ तंतोतंत पाळला. पुढच्या एलपी, कॅसेट, सीडी आणि आताच्या गाण्यांच्या अॅपवर पोचलं ते हे दुसरं.

ओळखायचं कसं? सुरुवात ऐका. १९४७मध्ये गाणं सुरू होण्याआधी बासऱ्या आणि सेलेस्टा या घंटीसारख्या आवाजाच्या छोट्या पियानोची बारीक किणकिण आहे. १९४२मध्ये ती नाही. शिवाय १९४२चा आवाज पाच वर्षांनी तरुण आहे, थोडा अधिक थेट. माझं मत विचाराल तर जुनं सरस. १९४७ला सगळे जण आपण एक प्रसिद्ध गोष्ट करतो आहोत हे जाणून गाताहेत, वाजवताहेत. १९४२ला ते कुणालाच माहीत नव्हतं. शोधताना नावापुढे साल दिलंय का बघा, नुसतं ‘ओरिजिनल’ असेल तर विश्वास ठेवू नका.

तेव्हा टेप नव्हती का?

त्याच वर्षी वापरात आली, आणि आणली क्रॉस्बीनेच. दर आठवड्याला रेडिओवर थेट गायचा त्याला कंटाळा आला होता. जर्मनांनी विकसित केलेली चुंबकीय टेप युद्धानंतर अमेरिकेत पोचली, तिच्यावर त्याने ऑगस्ट १९४७ पासून आपला कार्यक्रम मुद्रित करायला सुरुवात केली आणि यंत्रं बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीत ५० हजार डॉलर घातले. थोडक्यात, साचा झिजला म्हणून गाणं पुन्हा गायची पाळी मार्चमध्ये आली आणि साचे झिजण्याचा प्रश्नच मिटवणारं तंत्र ऑगस्टमध्ये त्याच्या हाती आलं.

किती प्रती खपल्या?

क्रॉस्बीच्या आवृत्तीसाठी गिनेस बुकचा अंदाज पाच कोटींच्या पुढचा आहे, आणि जगातलं सर्वाधिक खपाचं सिंगल हा मान त्यांनी त्यालाच दिला आहे. अंदाज म्हणायचं कारण, आकड्यांची शिस्तशीर मोजणी सुरू होण्याआधीचा बराचसा खप आहे. मोजणी सुरू झाल्यानंतरच्या काळात एल्टन जॉनचं १९९७चं ‘कँडल इन द विंड’ तीन कोटी तीस लाखांवर आहे. या दोघांत नेहमी वाद लावला जातो.

ऑस्कर मिळालं का?

मिळालं, १९४२च्या सिनेमांसाठी दिलेलं सर्वोत्कृष्ट गाण्याचं. पुरस्कार जाहीर करायला मंचावर उभा होता स्वतः बर्लिन. लिफाफा उघडला तर आत त्याचंच नाव. त्याने ते स्वतःच स्वतःला दिलं.

इतर कुणाच्या आवृत्त्या ऐकाव्यात?

शेकड्यांनी आहेत, बहुतेक नाही ऐकल्या तरी चालतील. तीन मात्र सोडू नका.

द ड्रिफ्टर्स, १९५४. खर्जात बिल पिंकनी, वरच्या सुरात क्लाइड मॅकफॅटर, आणि मध्ये ताल धरून चाललेली मंडळी. क्रॉस्बीचं गाणं जिथे स्वस्थ बसतं तिथे हे कंबर हलवतं. ‘होम अलोन’ सिनेमात आरशासमोर तो पोरगा ओठ हलवतो ते हेच.

एल्विस प्रेस्ली, १९५७. बेतलेली आहे ड्रिफ्टर्सवरच. बर्लिन हे ऐकून इतका भडकला की ऑफिसातल्या लोकांना रेडिओ केंद्रांना फोन करून ‘हे वाजवू नका’ सांगायला बसवलं. ड्रिफ्टर्सनी तेच केलं होतं तेव्हा त्याने एवढा आरडाओरडा केला नव्हता, कारण ते मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या केंद्रांवर वाजत होतं आणि एल्विस घराघरात पोचत होता. अल्बम पहिल्या क्रमांकावर गेलाच. आज ऐकताना त्यात भडकण्यासारखं काय होतं ते सापडत नाही.

ओटिस रेडिंग. त्याच्या मृत्यूनंतर, १९६८ला आली. बाकीचे ओढ गातात, हा विनवणी करतो.

जॅझवाल्यांसाठी एक भर: चार्ली पार्करने १९४८च्या नाताळात न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमध्ये हे सॅक्सोफोनवर वाजवलं होतं. त्याचं मुद्रण आहे.

व्हिएतनाम युद्धाशी या गाण्याचं नाव का जोडतात?

एप्रिल १९७५मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन पडायच्या बेतात असताना तिथल्या अमेरिकनांना एक गुप्त खूण दिली होती. सैन्याच्या रेडिओवर ‘सायगॉनचं तापमान १०५ अंश आणि वाढतंय’ (अंश फॅरेनहाइटचे) असं निवेदन आणि पाठोपाठ ‘व्हाइट ख्रिसमस’ लागलं की ठरलेल्या जागी जमायचं. भर एप्रिलात, उकाड्यात, दुसरं कुठलंही गाणं चुकून लागलं असतं, हे नाही.

मुंबई-गोव्यात बर्फ कुठे? मग इथे हे गाणं कशाला?

हा टोमणा दर डिसेंबरला कुणीतरी मारतं. पणजीत किंवा बांद्र्यात नाताळच्या रात्री पंखा लागतो, हे खरं. पण मूळ कडव्यातल्या माणसाच्या आजूबाजूलाही ऊन आणि झावळ्याच होत्या. बर्फ समोर असता तर त्याने हे गाणं म्हटलंच नसतं. त्या हिशेबाने हे गाणं न्यूयॉर्कपेक्षा कळंगुटला जास्त शोभतं. उलट टोरांटो किंवा मिनेसोटात राहणाऱ्या मराठी माणसाला चार फूट बर्फ फावड्याने उपसताना ते आठवलं तर त्याच्या मनात दुसरंच काही येत असणार.

आमच्या सोसायटीच्या कार्यक्रमात गायलं तर चालेल का?

भारतीय कायद्यात गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. बर्लिन १९८९ला गेला, म्हणजे २०४९च्या अखेरपर्यंत. मात्र हौशी मंडळींनी तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला कायद्यात सूट आहे. तिकीट लावलं, हॉटेलात किंवा प्रायोजित कार्यक्रमात गायलं, तर आयोजकाने रीतसर परवाना घ्यायचा. यूट्यूबवर टाकलं तर हक्कदाराचा दावा येऊ शकतो, आणि मागे क्रॉस्बीची तबकडी लावली असेल तर दोन दावे, कारण अमेरिकेत १९४२ आणि १९४७ ही दोन्ही ध्वनिमुद्रणं अजून हक्कात आहेत.